अर्ध्या सामन्याचा आर्टी

खेळांचा इतिहास बहुधा गुण मिळवणाऱ्यांच्या बाजूने लिहिला जातो. धावफलकावर ज्याचे नाव चढते तो स्मरणात राहतो. त्याला ती संधी मिळावी म्हणून दोन-तीन प्रतिस्पर्ध्यांना अंगावर घेणाऱ्याची नोंद मात्र कुठल्याच वहीत होत नाही. रग्बी लीग या खेळातल्या 'फॉरवर्ड' खेळाडूचे चरित्र लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण हीच असते. त्याच्या श्रमाचे पुरावे कागदावर फारसे सापडत नाहीत. ते सापडतात लोकांच्या आठवणींत, आणि आठवणींना अतिशयोक्तीची सवय असते.

ऑस्ट्रेलियाच्या आर्थर बीटसन (१९४५–२०११) या फॉरवर्डच्या कारकिर्दीकडे मला याच कारणाने पुन्हा पुन्हा वळावेसे वाटते. त्याच्याविषयी दोन गोष्टी सर्वतोमुखी आहेत. पहिली, तो आळशी आणि खादाड होता. दुसरी, एका सामन्यात त्याने आपल्याच क्लबातल्या सोबत्याला ठोसा लगावला आणि त्यातून एका राज्याची अस्मिता जन्माला आली. दोन्ही कथा सांगायला रंजक आहेत. मात्र या माणसाने नेमके काय केले आणि ते करताना त्याच्या पायाखालची भूमी कोणाची होती, हे दोन्ही प्रश्न त्या कथांच्या आड राहतात.

मराठी वाचकाला या खेळाची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. 'रग्बी' म्हटले की आपल्यासमोर जो खेळ येतो तो बहुधा रग्बी युनियन असतो. लीग ही त्याचीच फुटून निघालेली शाखा. २९ ऑगस्ट १८९५ रोजी उत्तर इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड गावातील जॉर्ज हॉटेलात तिथल्या क्लबांच्या प्रतिनिधींची बैठक झाली आणि त्यांनी मूळ संघटनेशी फारकत घेतली. वादाचा मुद्दा वरकरणी क्षुल्लक होता. शनिवारी खेळण्यासाठी गिरणी-खाणीतल्या कामगाराची जी मजुरी बुडे, तिची भरपाई क्लबाने द्यावी की नाही? दक्षिणेतल्या सुखवस्तू सभ्य गृहस्थांच्या मते असा पैसा घेणे म्हणजे खेळ विटाळणे होते. ज्याचे पोट हातावर होते त्याला ही शुद्धता परवडणारी नव्हती. १९०८ साली सिडनी आणि ब्रिस्बेन येथे हा खेळ रुजला तेव्हा त्याच्याबरोबर हा वर्गभेदही आला. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर लीग हा गोदी कामगारांचा, खाटिकांचा, रेल्वेतल्या माणसांचा खेळ झाला.

संघात तेरा खेळाडू असतात. त्यांतले सहा फॉरवर्ड. चेंडू घेऊन समोरच्या भिंतीवर चालून जाणे, पकडले जाणे, उठणे आणि पुन्हा चालून जाणे हे त्यांचे काम. कबड्डीत चढाई करणारा एकटा असतो व पकडणारे अनेक. इथेही तसेच असते, फक्त चढाई करणारा मध्यरेषेला हात लावून सुटत नाही. तो आपटला जातो आणि मिनिटाभरात त्याला पुन्हा जावे लागते. १९६७ पर्यंत एका संघाने किती वेळा पकडले जावे यावर मर्यादाच नव्हती. त्या वर्षी चार पकडींचा नियम आला आणि १९७१ पासून सहा पकडींचा. पकडींची मोजदाद सुरू झाल्यावर प्रत्येक चढाईची किंमत वाढली, आणि पकडीत अडकल्यावरही चेंडू जिवंत ठेवू शकणारा फॉरवर्ड दुर्मीळ संपत्ती ठरला. बीटसनचे महत्त्व या बदलाच्या संदर्भातच नीट कळते.

त्याचा जन्म २२ जानेवारी १९४५ रोजी क्वीन्सलंड राज्याच्या अंतर्भागातील रोमा या गावी, आदिवासी वंशाच्या कुटुंबात झाला. 'आदिवासी वंशाच्या' हे दोन शब्द क्वीन्सलंडमध्ये तेव्हा साधे वर्णन नव्हते. त्यांना कायद्याचा अर्थ होता. १८९७ साली या राज्याने आदिवासींच्या 'संरक्षणा'चा कायदा केला होता. त्यान्वये आदिवासींना राखीव वसाहतींत हलवणे, त्यांच्या मजुरीवर ताबा ठेवणे, विवाहाला परवानगी देणे वा नाकारणे, एका गावातून दुसऱ्या गावी जाऊ देणे वा न देणे हे सारे अधिकार सरकारी 'संरक्षका'च्या हाती गेले. मुलांना आईबापांपासून तोडण्याचे अधिकारही याच व्यवस्थेतून आले. निरनिराळ्या रूपांत ही व्यवस्था अनेक दशके टिकली.

या कायद्याचा खेळाशी काय संबंध, असा प्रश्न पडेल. क्रिकेटप्रेमी वाचकांपैकी काहींना एडी गिल्बर्ट हे नाव ठाऊक असेल. क्वीन्सलंडच्या या आदिवासी द्रुतगती गोलंदाजाने नोव्हेंबर १९३१ मध्ये डॉन ब्रॅडमनला शून्यावर बाद केले होते. हा गोलंदाज वसाहतीतून सामन्याला जाताना सरकारी परवानगीचा कागद घेऊन निघत असे. फ्रँक फिशर हा त्याच चेरबर्ग वसाहतीतला रग्बी लीग खेळाडू. १९३० च्या दशकात दौऱ्यावर आलेल्या इंग्रज संघाविरुद्ध त्याने असा खेळ केला की इंग्लंडमधून त्याला बोलावणे आले, पण त्याला जाऊ दिले गेले नाही. सिडनी ऑलिंपिकमध्ये ज्योत पेटवणारी आणि ४०० मीटरची शर्यत जिंकणारी कॅथी फ्रीमन ही या फिशरची नात. आजोबांना देशाबाहेर पाऊल टाकू दिले नाही आणि नातीने २००० साली सगळे जग आपल्याकडे पाहायला लावले. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बीटसनची कारकीर्द आहे.

१९६५ साली वीस वर्षांचा बीटसन ब्रिस्बेनजवळच्या रेडक्लिफ संघाकडून खेळला आणि त्या संघाने ब्रिस्बेनची स्पर्धा प्रथमच जिंकली. क्वीन्सलंडमध्ये आदिवासींना राज्याच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क मिळाला तोही १९६५ मध्येच. पुढच्या वर्षी तो सिडनीच्या बॅल्मेन क्लबात दाखल झाला. गेला तो पैशासाठी, आणि तसे सांगण्यात कमीपणा नाही. न्यू साउथ वेल्समध्ये १९५६ पासून क्लबांना नाण्यांची जुगारयंत्रे ठेवण्याची मुभा होती. क्वीन्सलंडमध्ये ती मिळायला १९९२ साल उजाडले. यंत्रांच्या कमाईवर गब्बर झालेले सिडनीचे क्लब उत्तरेकडचे गुणी खेळाडू एकामागून एक उचलत होते. ज्या कारणासाठी १८९५ मध्ये हा खेळ जन्मला, त्याच कारणासाठी त्यातले खेळाडू आता आपले राज्य सोडत होते.

सिडनीतल्या पहिल्याच मोसमात बॅल्मेन अंतिम सामन्यात पोहोचले. तिथे सेंट जॉर्जने त्यांना २३–४ असे हरवले. सेंट जॉर्जचे ते सलग अकरावे विजेतेपद होते. त्याच वर्षी बीटसन ऑस्ट्रेलियाकडून ग्रेट ब्रिटनविरुद्ध कसोटी खेळला. याच काळात त्याला ते नाव चिकटले: 'अर्ध्या सामन्याचा आर्टी'. पूर्वार्धात झंझावात आणि उत्तरार्धात दमछाक, असा त्याचा अर्थ. त्याच्या जोडीला आहाराच्या कहाण्या आल्या आणि मांसाच्या पावावरून आणखी एक टोपणनाव आले.

हे नाव सर्वस्वी खोटे होते असे म्हणता येणार नाही. तरुणपणी त्याचे वजन आणि शिस्त दोन्ही हाताबाहेर जात. १९६८ मध्ये इंग्लंडच्या हल किंग्स्टन रोव्हर्सकडून खेळताना त्याचा पाय मोडला. १९६९ मध्ये अंतिम सामन्याच्या तोंडावर पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढले, बंदी आली, आणि बलाढ्य साउथ सिडनीला बॅल्मेनने ११–२ असे चकित केले तो सामना त्याला बाहेर बसून पाहावा लागला. आपला संघ आपल्यावाचून जिंकताना पाहणे ही खेळाडूची खरी शिक्षा असते. तरीही प्रश्न उरतो. आदिवासी खेळाडूविषयी 'अंगभूत गुण खूप, पण कष्टाची सवय नाही' हे वाक्य ऑस्ट्रेलियात पिढ्यान् पिढ्या म्हटले गेले आहे. ज्या समाजाची मजुरी सरकार आपल्या ताब्यात ठेवत होते त्याच समाजावर आळसाचा शिक्का मारला गेला होता. बीटसनच्या टोपणनावात त्याचे स्वतःचे दोष किती आणि हा जुना शिक्का किती, हे आज वेगळे करणे कठीण आहे. ते वेगळे करता येत नाही एवढे तरी चरित्रकाराने मान्य केले पाहिजे.

१९७१ साली तो ईस्टर्न सबर्ब्ज क्लबात गेला. १९७२ मध्ये हा संघ अंतिम सामन्यात मॅन्लीकडून १९–१४ असा हरला. आणि १९७४ मध्ये जॅक गिब्सन प्रशिक्षक म्हणून आला. गिब्सन स्वतः जुना फॉरवर्ड. बोलणे मोजके, पण अमेरिकन फुटबॉलच्या प्रशिक्षणपद्धतींचा त्याचा अभ्यास दांडगा होता. प्रत्येक खेळाडूने किती पकडी केल्या याची तो नोंद ठेवू लागला. लेखाच्या प्रारंभी ज्या अडचणीचा उल्लेख केला ती सोडवण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न होता. फॉरवर्डच्या न दिसणाऱ्या कष्टांना गिब्सनने वहीत जागा दिली. त्याने बीटसनला कर्णधार ठेवले, आणि ज्याला लोक अर्ध्या सामन्याचा म्हणत त्याच्याभोवती पूर्ण मोसमाचा संघ उभा केला.

बीटसनची खासियत काय होती? अंगावर दोन-तीन माणसे लटकलेली असताना तो हात मोकळा ठेवी आणि चेंडू अशा क्षणी सोडी की त्याच्यावर तुटून पडलेले सारे प्रतिस्पर्धी निरुपयोगी ठरावेत. जड शरीर आणि हलका हात, असा हा योग. पकडणाऱ्यांपुढे पेच असा असे, की एकाने पकडावे तर तो आवरत नाही आणि तिघांनी पकडावे तर दुसरीकडे वाट मोकळी होते. गुण मिळे तो दुसऱ्याच्या नावावर. १९७४ मध्ये ईस्टर्न सबर्ब्जने कँटरबरीला १९–४ असे हरवून विजेतेपद घेतले. १९७५ मध्ये त्यांनी सलग १९ सामने जिंकले आणि अंतिम सामन्यात सेंट जॉर्जचा ३८–० असा धुव्वा उडवला. अंतिम सामन्यातल्या विजयाचे एवढे मोठे अंतर नंतर २००८ पर्यंत कोणाला ओलांडता आले नाही.

दरम्यान १९७३ मध्ये आणखी एक घटना घडली. त्या वर्षीच्या युरोप दौऱ्यात फ्रान्सविरुद्ध बीटसनने ऑस्ट्रेलियाचे नेतृत्व केले. कोणत्याही खेळात ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाचे कर्णधारपद भूषवणारा तो पहिला आदिवासी खेळाडू मानला जातो. लीगमध्ये लायनेल मॉर्गन हा आदिवासी खेळाडू १९६० मध्येच देशाकडून खेळला होता. संघात घेणे आणि संघ हाती देणे यांत मात्र अंतर असते. खेळाडूच्या शरीराची गरज असते म्हणून त्याला घेतले जाते. कर्णधार करताना त्याच्या निर्णयावर विश्वास ठेवावा लागतो, आणि इतरांनी त्याचे ऐकावे लागते.

ज्या देशाचे नेतृत्व त्याने केले त्या देशात सहाच वर्षांपूर्वी, २७ मे १९६७ रोजी, सार्वमत झाले होते. आदिवासींना राष्ट्रीय जनगणनेत मोजावे आणि त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्रीय संसदेला असावा, या प्रस्तावाला सुमारे ९१ टक्के मतदारांनी होकार दिला. म्हणजे बीटसनने ऑस्ट्रेलियाकडून पहिली कसोटी खेळली तेव्हा त्या देशाच्या राज्यघटनेनुसार आदिवासी लोकसंख्येच्या गणतीतच धरले जात नव्हते. खेळाच्या पुस्तकांत हा तपशील सहसा येत नाही, कारण तो कोणत्याही सामन्याचा निकाल बदलत नाही.

१९७७ च्या विश्वचषकात बीटसनच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाने अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनवर १३–१२ अशी मात केली. वय वाढले होते. १९७९ मध्ये तो पॅरामॅटा क्लबात गेला आणि १९८० च्या मोसमात तिथल्या दुय्यम संघातही खेळू लागला. कारकीर्द अशीच मावळली असती, तर आज त्याचे नाव जाणकारांपुरते राहिले असते.

पण त्याच वर्षी ८ जुलै उगवला. क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स यांच्यातले आंतरराज्य सामने तोवर पार निस्तेज झाले होते. खेळाडू ज्या राज्यात खेळतो त्याच राज्याकडून त्याने उतरावे असा नियम होता. साहजिकच सिडनीत गेलेले क्वीन्सलंडचे खेळाडू क्वीन्सलंडलाच हरवत. बीटसनही न्यू साउथ वेल्सच्या निळ्या जर्सीत आपल्या जन्मराज्याविरुद्ध खेळला होता. १९६० पासून क्वीन्सलंडने एकही मालिका जिंकली नव्हती. १९८० च्या मालिकेतले पहिले दोन सामनेही गेले, आणि सिडनीतला दुसरा सामना पाहायला दोन हजारही माणसे फिरकली नाहीत. तेव्हा क्वीन्सलंडच्या लीगचे अध्यक्ष रॉन मॅकऑलिफ यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉलमधली एक कल्पना उचलली: खेळाडूने जिथे पहिल्यांदा मोठ्या पातळीवर खेळ केला त्या राज्याकडून त्याने उतरावे. याचे नाव 'स्टेट ऑफ ओरिजिन', म्हणजे मूळ राज्य. एक सामना प्रयोग म्हणून ठरला आणि कर्णधार नेमला गेला पस्तीस वर्षांचा बीटसन.

ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर ३३ हजारांहून अधिक प्रेक्षक जमले. क्वीन्सलंडने २०–१० असा विजय मिळवला. त्या दिवशी विसावे वर्ष पूर्ण करणाऱ्या मॅल मेनिंगाने सात गोल मारून १४ गुण मिळवले, केरी बूस्टेड आणि ख्रिस क्लोज यांनी ट्राय केले. गुणपत्रिकेत बीटसनचे नाव नाही. पण लोकांच्या लक्षात राहिला तो प्रतिस्पर्धी संघातल्या मिक क्रोनिनवर, पॅरामॅटातल्या स्वतःच्या सोबत्यावर, त्याने उगारलेला हात. राज्यासाठी मित्रालाही सोडले नाही, ही कथा तिथून सुरू झाली. चित्रफितीत जे दिसते ते दंतकथेपेक्षा बरेच लहान आहे. पकडीच्या झटापटीत तसे प्रसंग त्या काळी दर सामन्यात घडत. परंतु नव्या स्पर्धेला जन्मकथा हवी होती. 'हा सामना खेळाडूंनी मनावर घेतला' हे सिद्ध करणारा एक क्षण लोकांना हवा होता आणि त्यांनी तो निवडला. या निवडीत बीटसनवर थोडा अन्याय झाला असे मला वाटते. आयुष्यभर ज्याने हात मोकळा ठेवून चेंडू दुसऱ्याला दिला, त्याची सर्वांत प्रसिद्ध कृती म्हणून मूठ आवळलेला हात ठरला.

ज्या राज्याने आदिवासींनी कुठे राहावे, कुठे जावे हे दीर्घकाळ कायद्याने ठरवले, ज्याने असंख्य मुलांना त्यांच्या मूळ ठिकाणापासून तोडले, त्या राज्याने आपल्या 'मूळ' असण्याचे प्रतीक म्हणून एका आदिवासी माणसाला पुढे केले. योजनाकारांच्या मनात हा विचार नसणार. त्यांना कर्णधार हवा होता आणि बीटसन सर्वांत मोठे नाव होते. इतिहासातले अर्थपूर्ण योग अनेकदा असेच, कोणी न योजता जुळून येतात. काही जण म्हणतील की अशा प्रतीकांनी वास्तव बदलत नाही आणि स्टेडियममधला जयजयकार वसाहतीपर्यंत पोहोचत नाही. हे खरेच आहे. परंतु राखीव जागेत राहणाऱ्या एखाद्या मुलाने त्या रात्री ज्याच्या हाती संघ दिलेला पाहिला तो आपल्यासारखा दिसत होता, ही गोष्टही तितकीच खरी आहे. एका खऱ्याने दुसऱ्याला खोडण्याचे कारण नाही.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येईल. १९८१ पासून १९८४ पर्यंत बीटसन क्वीन्सलंडचा प्रशिक्षक होता. तीन सामन्यांची मालिका १९८२ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या तिन्ही मालिका त्याच्या संघाने जिंकल्या. १९८९ मध्ये तो परतला तेव्हा क्वीन्सलंडने मालिकेतले तिन्ही सामने जिंकले. ऑस्ट्रेलियन लीगच्या 'अमर' खेळाडूंत त्याची सातवा म्हणून गणना झाली, आणि २००८ मध्ये शतकातल्या सर्वोत्तम संघात त्याला स्थान मिळाले. फेब्रुवारी २०१० मध्ये गोल्ड कोस्टवर आदिवासी खेळाडूंचा स्वतंत्र संघ उर्वरित लीगच्या संघाविरुद्ध पहिल्यांदा उतरला आणि १६–१२ असा जिंकला. १ डिसेंबर २०११ रोजी सायकल चालवत असताना हृदयविकाराच्या झटक्याने बीटसनचे निधन झाले, वयाच्या ६६ व्या वर्षी. लँग पार्कच्या आवारात आज त्याचा पुतळा उभा आहे.

'अर्ध्या सामन्याचा' म्हटल्या गेलेल्या या माणसाची कारकीर्द रेडक्लिफपासून लँग पार्कपर्यंत पंधराहून अधिक वर्षांची भरली. तिच्या पूर्वार्धात त्याचा देश त्याला गणतीत धरत नव्हता, उत्तरार्धात त्याने त्या देशाचे आणि पुढे त्या राज्याचे नेतृत्व केले. दमछाक झाली असेल तर ती कोणाची, हा प्रश्न टोपणनाव ठेवणाऱ्यांनी कधी विचारला नाही. पुतळ्यासमोर उभे राहणाऱ्याने तो एकदा तरी विचारावा.